दोन प्रती

बावीस वर्षं मी पुस्तकांची बस चालवते
टोर्न नदीच्या काठानं, वर आणि खाली,
पण एवढी भांडणं
मूस हरणाच्या मांसाच्या वाटणीवरूनही झाली नव्हती.

मुखपृष्ठावर बर्फात एकच लाल बूट.
यादीत एकसष्ट नावं, प्रती दोन:
एक वरच्या गावांना, एक खालच्या.
नोव्हेंबरात सूर्य तोंड दाखवून पळायला लागला
तेव्हापासून माणसं पायरीवर बूट झटकायच्या आधीच विचारत,
आलं का परत?

तोर्ग्नी म्हणाला, लेखक स्टॉकहोमचा, दुसरं काय!
नोव्हेंबरच्या बर्फावरून मोटार नेतोय.
खुनी सापडायच्या आत
सगळे पोलीस तळाशी गेले असते.
(दोन रात्रींत संपवलंन त्यानं,
हे त्याच्या बायकोकडून कळलं.)

पुस्तकात खून करते टपालवाली.
आमची टपालवाली इन्केरी.
महिनाभर लोक पेटीपाशी
जरा लांबूनच हसले तिला.
मला म्हणाली, सगळं पटलं गं,
पण गाडीत किल्ली विसरते ती?
टपालखात्यात असं होत नाही.
मग हीटरवर हात धरून
बराच वेळ उभी राहिली.

आल्वार, निवृत्त पोलीस, म्हणाला,
चाळीस वर्षांत माझ्या वाट्याला एकच खून,
त्यातही खुन्यानं स्वतः फोन केलेला,
दार उघडं, कॉफी तयार.
त्यावर कोण लिहील चारशे पानं?

भांडण खरं शेवटावरून.
खालच्या गावांचं म्हणणं,
पार्सलला सुतळी बांधावी तसा बांधलाय:
वसंतात नदी फुटते, प्रेत वर येतं,
आई स्वेटर ओळखते, घंटा वाजते, संपलं.
इतकं नीटनेटकं कुठं असतं?

वरची गावं कपाळाला हात लावत.
कसली घंटा? कुठलं प्रेत?
आई खिडकीशी बसून
दुसऱ्या कपात कॉफी ओतते, बस्स.
हिंमत लागते असं सोडायला.
हिंमत कसली, कंटाळला असेल, असंही कुणी म्हणे.

प्रार्थनाघरातल्या कॉफीला
दोन साडू एकमेकांना म्हणाले,
तुला वाचता येत नाही.
त्या हिवाळ्यात बर्फ उपसायचं यंत्र
एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या अंगणात गेलं नाही.

एप्रिलमध्ये वरची प्रत शिवायला घेतली.
कणा सुटलेला, दोनशे बाराव्या पानावर
कपाचं तपकिरी वर्तुळ.
चारशे बारा. मग थेट पुठ्ठा.
पान फाटलं नव्हतं,
पट्टी लावून, पात्यानं,
सरळ रेषेत काढलं होतं
स्वेटरची उसवलेली बाही काढावी तसं.

चिठ्ठीवर पहिलं नाव: गुन्वोर. नऊ नोव्हेंबर.
आठ वर्षांपूर्वी तिचा मुलगा
स्नोस्कूटरवरून नदी ओलांडायला निघाला.
तिकडच्या काठावर त्याची वाट बघणाऱ्यांना
दिवा अर्ध्यापर्यंत दिसला होता.

पुस्तक परत देताना ती एवढंच म्हणाली होती,
चांगलंय. शेवटी जरा लांबलं होतं.
लांबलं होतं.
तेव्हा माझ्या कानांना काही कळलं नाही.

म्हणजे सात गावांनी हिवाळाभर
गुन्वोरचा शेवट वाचला,
आणि त्यासाठी भांडले,
लेखकाच्या हिमतीची तारीफ केली.

नियम असा की गहाळ पानाला दंड,
आणि दुसऱ्या प्रतीवरून छायाप्रत काढून चिकटवायची.
छायाप्रत काढली मी. डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे.
गोंदाचा ब्रश मात्र वाळून काडीसारखा झालाय.

बासष्टावं नाव कालच आलंय.
बर्फ यंदा कोणत्या दिवशी फुटेल
यावर दुकानात पैजा लागल्यात,
इन्केरीनं सहा मे धरलाय, तोर्ग्नीनं अकरा.
गुन्वोर दूध घेते, वहीकडे न बघता पैसे मोजते.
तिनं कधीच पैज लावलेली नाही.